घंगाळाच्या मापाचं कपाट

फर्निचर डोळ्यांनी पाहायचं असतं हे काकांना मान्य नव्हतं. ते आधी त्याचा वास घेत. दुकानात शिरले की काउंटरवरच्या माणसाकडे ढुंकूनही न बघता जवळच्या कपाटाकडे जात, दार उघडत, मान आत घालत आणि दीर्घ श्वास घेत. मग नाक मुरडून बाहेर येत आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणत, "डिंक हाये. लाकूड कोठीच नाई, पुरा डिंकच हाये." दुकानदार हातात कॅटलॉग घेऊन तसाच उभा राही.

वासानंतर नखाची पाळी. फळीच्या कडेला चिकटवलेली पट्टी नखानं उचकटते का ते पाहायचं. मग करंगळी. ड्रॉवर करंगळीनं ओढायचा, करंगळीनंच ढकलायचा आणि ढकलताना डोळे मिटून ऐकायचं. एवढं झालं की ते म्हणत, "आता याले फिरवा." म्हणजे कपाट भिंतीपासून ओढून त्याची मागची बाजू दाखवा. "पुढून तं सगळेच चांगले दिसतात जी. पाठ पायली पाह्यजे." वाशीमच्या बाजारातले निम्मे फर्निचरवाले तर, काका लांबून दिसले की, जेवायला निघून जात. सकाळी दहालाही.

मी वाशीमला नोकरीला होते तेव्हा काका माझे घरमालक होते. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर, खाली काका-काकू आणि वर मी. मी विम्याच्या कचेरीत, माझं गाव सांगलीकडचं. आले तेव्हा 'काहून' म्हणजे 'का' हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी किराणावाल्यांचे काटे तपासण्यात गेली, त्यामुळे कुठल्याही वस्तूवर छापलेल्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. साखर आणली की घरी परत मोजली जाई. गॅसचं सिलिंडर घेऊन येणारा माणूस त्यांच्या फाटकापाशी पोचायच्या आधीच घामाघूम झालेला असे. मला खोली देतानाही त्यांनी माझी कमी आणि माझ्या सामानाची जास्त चौकशी केली.

"कपाट कायचं हाये तुमचं?"

"लोखंडी आहे."

"मंग राहा. लोखंड खोटं बोलत नाई."

एवढा जाणकार माणूस, म्हणजे याच्या घरात काय काय कपाटं असतील, अशा कल्पनेनं मी पहिल्यांदा खाली चहाला गेले आणि दारातच एका पोत्याला अडखळले. त्या घरात एकही कपाट नव्हतं. फळी नव्हती. साधी खुंटाळी नव्हती. पत्र्याच्या पेट्या, पोती, खोकी, गाठोडी, सगळं जमिनीवर. तुरीच्या डाळीचा डबा पलंगाखाली, पापडांचा फ्रिजवर, आणि लोणच्याच्या बरण्या देवापुढे, त्यामुळे काकू दिवा लावायला बसल्या की नैवेद्य आधीच दाखवल्यासारखा वाटे. उन्हाळ्यात घातलेल्या कुरड्या काकांच्या जुन्या धोतरात बांधून पंख्याच्या हुकाला टांगलेल्या. पंखा त्याआधीच उतरवलेला होता.

"डाय काढाले वाकते मी," काकू पलंगाखालच्या डाळीच्या डब्याकडे बोट करत मला म्हणाल्या, "आन उठते तवर कायले वाकली होती तेच इसरते."

त्यांच्या गुडघ्यांची तक्रार जुनी होती. पण त्या चिडत नसत. नवऱ्याकडे बघून त्या ज्या शांतपणे हसत, ते पाहून मला मात्र चीड येई.

कपाट न घेण्याचं कारण काटकसर नव्हे. काका कपाट निवडत होते. नोकरीत असल्यापासून निवडत होते. सुतार बोलावून भिंतीत का करून घेत नाही, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खोट्या वजनाचं माप पुढे केलंय.

"सुतार ठोकून गेला की गेला, मॅडम. मंग फयी हालत नाई. भांडं मोठं झालं तं काय भिंत फोडाची? खन सुटे पाह्यजेत. आज एक घेतला, उद्या त्याच्यावर दुसरा बसवला. फयी वर घे, खाली घे. मॉड्युलर म्हनतात त्याले." फळीला ते 'फयी' म्हणत, आणि 'मॉड्युलर' हा शब्द इतक्या आदरानं उच्चारत की ऐकणाऱ्यानं उठून उभं राहावं.

अकोल्याला एका डॉक्टरांकडे त्यांनी तसलं कपाट पाहिलं होतं. दोन्ही बाजूंच्या लाकडात वरपासून खालपर्यंत भोकं, भोकांत खुंट्या, खुंट्यांवर फळ्या. काका तिथं पोट दुखतं म्हणून गेले होते. डॉक्टर तपासायला आले तेव्हा हे स्टुलावर उभे राहून कपाटाच्या मागे डोकावत होते.

लोकांच्या घरी त्यांना घेऊन जाणं म्हणजे जोखीमच. शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ वारले तेव्हा आम्ही तिघं भेटायला गेलो. त्या घरातली मुलगी हुंदके देत वडिलांच्या शेवटच्या दिवसांचं सांगत होती. काका खाली मान घालून ऐकत होते. त्यांचा हात मात्र शेजारच्या शोकेसच्या फळीखाली गेलेला मला दिसला. काकूंनाही दिसला, पण तोवर उशीर झाला होता.

"लय वाईट झालं," काका कळवळून म्हणाले. "देवमानूस होता. पन ह्या शोकेसमधी त्याले फसवला, बेटा. भुसा हाये हा."

गंमत म्हणजे ती मुलगी रडायची थांबली आणि म्हणाली, "बाबा बी हेच म्हनत होते."

दुकानांच्या फेऱ्यांना ते मला सोबत नेत. मी विम्यातली, त्यामुळे गॅरंटी-कार्डावरची मुंगीएवढी अक्षरं वाचण्याचं काम माझं. अशाच एका रविवारी आम्ही नव्या दुकानात गेलो. मालक तरुण, मऊ बोलणारा. त्याच्याकडचं कपाट वासात पास झालं. असं होताना मी पहिल्यांदाच पाहत होते. काकांनी मान आत घातली, बाहेर काढली आणि नुसतं "हां" म्हणाले. चौकट सागवानी, सांधे खाचेत बसवलेले, पट्टी नखाला दाद देईना, ड्रॉवर करंगळीनं असा सरकला की काकांनी तो उगीचच पुन्हा उघडला. पाठही झाली. मला वाटलं, सुटलो.

"एका फळीला तीस किलोचा लोड चालतो, काका," मालक म्हणाला, आणि तिथंच चुकला.

"कोनं मोजलं?"

"कंपनीनं."

"कंपनीनं आमच्या घरचे भांडे पायले?"

दुसऱ्या रविवारी आम्ही भांडी घेऊन गेलो. एक अख्खा ऑटो भरून. डाळीचे डबे, भरलेले. पराती, पातेली, लोणच्याची बरणी. आमच्या सांगलीकडे आणि वाशीमकडेही लग्नातल्या आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. काकूंच्या संसारात आत्या, मामा, साडभाऊ, सगळे असे स्टीलमध्ये हजर होते. काकांच्या मांडीवर एक मोठं पितळी घंगाळ होतं, अंघोळीचं पाणी काढायचं. दोन्ही बाजूंना कड्या, आणि काठाखाली नाव. ते त्यांनी कोणाच्या हातात दिलं नाही. ऑटोवाल्यानं आरशातून पाहत विचारलं, "काका, भंगारात द्याचं हाये काय हे?" काका दुकान येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत आणि उतरताना फक्त इतकंच म्हणाले, "तुह्या घरचं सोनं भंगारात देतं काय तू?"

दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर काकांनी एकेका फळीवर डबे चढवले. मालक हात चोळत म्हणाला, "काका, लोक यात शोपीस ठेवतात. फुलदाणी वगैरे."

"आमच्या घरी शोपीस एकच हाये," काकू म्हणाल्या, "आन तो फयीवर बसत नाई."

हे बोलायला नको होतं. कारण डबे उतरवून काका खालच्या फळीवर खरंच जाऊन बसले, पाय पोटाशी घेऊन. "मी बासष्ट किलो हाये," त्यांनी आतून सांगितलं. फळी कुरकुरलीसुद्धा नाही. एका गिऱ्हाइकानं फोटो काढला. मालकाचा चेहरा पांढरा पडला होता, पण मनातून तो सुखावलाही असावा, कारण फळीनं त्याची लाज राखली.

मग काकांनी घंगाळ उचललं आणि मधल्या खणात ठेवलं. ते चार बोटं बाहेर राहिलं.

काकांनी ते फिरवून पाहिलं, कड्या आडव्या-उभ्या करून पाहिल्या. मग उचलून ऑटोत नेलं आणि परत मांडीवर घेऊन बसले. एवढं पास झालेलं कपाट एका घंगाळापायी नापास! मी घरी येईपर्यंत धुमसत होते.

"अहो, पण घंगाळ कपाटात कशाला ठेवायचं?" मी काकूंना विचारलं. "न्हाणीत ठेवायची वस्तू ती."

काकूंनी तेव्हा मला सांगितलं. घंगाळ काकांच्या थोरल्या बहिणीनं दिलेलं, आक्कानं. काका लहान असताना आई गेली, आक्कानंच त्यांना वाढवलं. ती किन्हीराजा या गावी दिलेली, तिथं तिची शेती, मुलगा-सून. काका नोकरीत असताना एकदा आक्का भावाकडे आली, पलंगावर बसली, आणि पलंगाखाली ते घंगाळ होतं. त्यात कांदे भरलेले. आक्कानं चहा घेतला, थोडा वेळ बसली आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेली. त्यानंतर ती या घरी आली नाही. काका दर दिवाळीला किन्हीराजाला जात, ओवाळून घेत, जेवत, परत येत. तीही काही बोलत नसे, हेही विचारत नसत.

"कांदे पाहून गेली म्हन्ते ते," काकू म्हणाल्या. "म्हनून घंगाय पुढच्या खोलीत, डोयासमोर ठिवाचं. तसं कपाट भेटलं की मंगच आक्काले बोलवाचं."

मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. हा माणूस बहिणीला 'ये' म्हणायला घाबरत होता, आणि म्हणून जगातलं प्रत्येक कपाट त्याला नापास करावं लागत होतं. आणि तिकडे आईबापांमागे आक्काला माहेर म्हणून हे एकच घर होतं, तेही बंद पडलेलं. तिचं वय पंचाहत्तरीच्या पुढे. किती दिवस निवडणार होते हे?

पुढच्याच महिन्यात आक्काच्या मुलाचा फोन आला. आक्काला मोतीबिंदू झालाय, वाशीमला डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवायला आणतोय. तपासणी झाली की घटकाभर मामाकडे येऊन जाऊ. सोमवारी.

तो गुरुवार होता. आयुष्यभर निवडणारा माणूस एका सकाळीत काय करतो ते मी त्या दिवशी पाहिलं. काका चप्पल न घालताच फाटकापर्यंत गेले, परत आले, खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "कपाट भेटत नाई."

काकू डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याच दुकानातून कपड्याच्या कपाटाचा खन घ्या. तो खोल असते. दार नका लावू."

काका बघतच राहिले. "हे तुले कवा सुचलं?"

"तवाच. दुकानातच."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी इचारलं कोठी?"

शनिवारी कपाट आलं, खोक्यांतून, सुट्या भागांत. दोन माणसांनी ते जोडलं. काकांनी काकूंना समोर खुर्चीत बसवलं, कारण आक्का साधारण तेवढ्याच उंचीची, आणि त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत घंगाळाची फळी बसवली. एका भोकानं वर घेतली, मग एका भोकानं खाली. "दिसते?" "दिसते." "पुरं दिसते?" "मले आंधयी समजता काय?" त्या रेषेपायी काकूंचा स्वयंपाक राहिला आणि दुपारी सगळ्यांनी माझ्याकडचे पोहे खाल्ले.

सगळं झाल्यावर खाली एक स्क्रू उरला. माणसं म्हणाली, जास्तीचा देतातच. काकांनी फाटक लावून घेतलं. हा स्क्रू कुठून निघाला ते कळल्याशिवाय कोणी जायचं नाही. शेवटी मी खोक्यातला कागद शोधून, त्यावर 'एक जादा स्क्रू सोबत दिला आहे' हे वाचून दाखवलं तेव्हा त्या माणसांची सुटका झाली. काकूंनी लगबगीनं डाळीचा डबा उचलून वरच्या खणात ठेवला. काकांनी तो काढून परत पलंगाखाली सारला. "सोमवारपर्यंत काई ठिवाचं नाई. आक्का पायन, मंग."

सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली. मला राहवलंच नाही.

आक्का मुलाच्या हाताला धरून आल्या. बारीक, वाकलेल्या, नऊवारी लुगडं, डोळ्यांत औषध घातलेलं म्हणून पाणी येत होतं. काकांनी त्यांना नेमक्या त्या खुर्चीवर बसवलं. समोर नवं कोरं सागवानी कपाट, सगळे खण मोकळे, आणि मधल्या खणात चिंचेनं घासून लखलखीत केलेलं घंगाळ. नाव पुढच्या बाजूला. आक्कांनी समोर पाहिलं आणि विचारलं, "पाऊस झाला काय इकडे?"

काका खोकले. खोलीतला दिवा लावला. दुपारी. मग म्हणाले, "आक्का, हे सागवान हाये."

"असन बापा."

"सांधे खाचेतले हायेत."

"बरं हाये."

चहा झाला. डॉक्टरांनी उद्याच ऑपरेशनला या म्हणून सांगितलं होतं. मुलगा म्हणाला, आता गावी जाऊ, सकाळी परत येऊ. तो घड्याळ बघत उठला. त्यानं आईची पिशवी उचलली. काका कपाटाशेजारी उभे राहून बोटानं घंगाळाकडे दाखवत होते, आणि आक्का त्यांच्या बोटाच्या पलीकडे भिंतीकडे पाहत होत्या. मला ते बघवेना.

"काय दाखवून राह्यला रे तू?" आक्का म्हणाल्या. "मले तं तेथी नुसता उजेड दिसून राह्यला."

"तुह्यं घंगाय."

आक्का उठल्या. चाचपडत पुढे आल्या, हात लावला, काठावरून बोटं फिरवली, कोरलेल्या अक्षरांशी थांबल्या. "हे कायले फयीवर चढवलं?"

मग काकांना धीर धरवला नाही. "मांगच्या टायमाले यात कांदे होते, आक्का. तू पायलं आन रागानं निंगून गेली. मले समजलं होतं."

"कांदे?" आक्कांनी आठवून पाहिलं. "मी कांदे नाई पायले बापा. आन असले तं काय? भांडं हाये ते. कांदे नाई ठिवाचे तं काय देव ठिवाचे?"

"मंग गेली काहून?"

"तू 'राह्य' म्हनलंच नाई." आक्का अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. "लुगडं घेऊन आली होती मी पिशवीत. चार दिवस राहीन म्हनून. चहा झाला आन तू म्हनला, आक्का, सांजच्या गाडीले गर्दी नसते, जागा भेटते. मले वाटलं, आता आई नाई, भावाच्या घरी जागा नसन."

काकांचा चेहरा मला आजही आठवतो. बहिणीला उभं राहून प्रवास करावा लागू नये म्हणून त्यांनी गाडीची वेळ सांगितली असणार; त्यात तिळमात्र शंका नाही. आणि तेवढ्या एका वाक्यापायी दोघं इतकी वर्षं दोन गावांत गप्प बसली होती.

काका वळले. दोन्ही कड्या धरून घंगाळ फळीवरून उतरवलं. कसलं जड होतं ते, पण कोणाला हात लावू दिला नाही.

"आता कायले काढता?" काकू म्हणाल्या.

"न्हानीत ठिवतो. सकायी आक्काले पानी लागन."

"तसं नाई रे," आक्का म्हणाल्या. "तोंडानं म्हन एक डाव."

काका घंगाळ पोटाशी धरून उभे.

"राह्य, आक्का."

"किती दिवस?"

काकांनी मागे वळून कपाटाकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत.

"पुरं रिकामं हाये," ते म्हणाले.

"वरचे दोन खन माह्ये," काकू म्हणाल्या, आणि भाच्याच्या हातातून आक्कांची पिशवी घेऊन त्यांनी ती मधल्या फळीवर ठेवली.